बैलाचे सहा पाय



संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली आणि विषयही आमचा आम्हीच निवडावा असे सांगण्यात आले. मास्तर व्याकरणावर बोलणार, अशी धास्ती काही मंडळींनी घेतली होती असे कानावर आले. ती धास्ती प्रथम दूर करतो. आज आम्ही एका शेतकरी चित्रकाराविषयी बोलणार आहोत आणि ओघाने आमच्या एका चुकीविषयीही बोलणार आहोत.

सुरतेहून मुंबईच्या गाडीत बसले की नवसारी, वलसाड, वापी मागे पडतात आणि उंबरगाव ओलांडले की घोलवड, डहाणू येते. आपल्यापैकी बहुतेकजण त्या वेळी डब्यात चिकू घेण्याच्या गडबडीत असतात. त्याच डहाणूच्या पूर्वेला, आताच्या पालघर जिल्ह्यात, गंजाड नावाचे गाव आहे. तेथे जिव्या सोमा म्हसे राहत असत. त्यांचा जन्म १९३४ सालचा. जातीने वारली, धंद्याने शेतकरी. लहानपणीच आई गेली आणि त्या धक्क्याने मुलाची वाचाच बंद झाली. कित्येक वर्षे तो कोणाशी बोलत नसे. सांगावयाचे ते धुळीत बोटाने रेघा ओढून सांगत असे. शिक्षकाच्या धंद्यात बावीस वर्षे घालवलेल्या माणसाला ही हकीकत ऐकून थोडे अवघडल्यासारखे होते. असा मुलगा आमच्या वर्गात असता, तर आम्ही त्याच्या नावापुढे काय लिहिले असते?

वारल्यांत लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर चौक काढतात. शेणामातीने सारवून गेरूने लाल केलेली भिंत, तांदळाचे पीठ पाण्यात कालवून केलेला पांढरा रंग आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढेच साहित्य. चौकात पालघाट देवी असते आणि तो काढण्याचा मान सुवासिनींचा. पुरुषाने हाती काडी घ्यावी अशी रीत नव्हती. मिथिलेच्या बायकांच्या हाती १९६६-६७ च्या दुष्काळात कागद देणारे चित्रकार भास्कर कुलकर्णी पुढे १९७० नंतरच्या काळात या भागात आले. बायका कागदावर काढायला संकोचल्या, तेव्हा म्हसे पुढे झाले, असे सांगतात. त्यांना लग्नाचे निमित्त लागत नसे. ते रोजच काढीत. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ साली त्यांची चित्रे पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागली आणि २०११ साली ते पद्मश्री झाले. मे २०१८ मध्ये ते वारले. मानसन्मानाची यादी एवढ्यावर थांबवतो, कारण खरी गोष्ट चित्रांत आहे.

त्या चित्रांत काय आहे? पावसाळ्यापूर्वी भाजलेला राब आहे, चिखलात वाकून भाताची लावणी करणारी माणसे आहेत, डोक्यावर पेंढ्याचे भारे आहेत. कोंबड्या आहेत, कुत्री आहेत, मुंग्या आहेत. पाण्यात टाकलेले मासेमारीचे जाळे आहे, आणि त्याचा एकेक डोळा इतक्या सबुरीने काढलेला की पाहताना जाळे हलते आहे असे वाटावे. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर एक वाटोळे डोके. नाक नाही, डोळे नाहीत. पण कोण थकला आहे आणि कोण नाचतो आहे हे पाठीच्या कलावरून कळते. वारली चित्रांतले खळे नीट पाहा. खळे असते वरून पाहिल्यासारखे गोल आणि त्यावर फिरणारे बैल असतात बाजूने पाहिल्यासारखे. चित्रकलेच्या परीक्षेत याला गुण मिळणार नाहीत. पण ज्याने उन्हात मळणी घातली आहे त्याला विचारा: खळे गोल आहे हे त्याला ठाऊक असते, आणि बैल त्याला बाजूनेच दिसतो. त्याला जे ठाऊक आहे आणि त्याला जे दिसते ते दोन्ही एकाच भिंतीवर आले आहे.

आम्ही ज्या घरात वाढलो तेथे भिंतीवर सजीवाचे चित्र लावण्याची रीत नव्हती. एक आयत आणि एक कॅलेंडर, तेही तारखांपुरते. तरी बकरी ईदच्या आधी दहा-बारा दिवस दारात बोकड बांधलेला असे. तो कान कसा टवकारतो, खाली बसताना आधी पुढचे गुडघे कसे टेकतो, हे आम्हांला आजही डोळे मिटून सांगता येते. चित्र काढता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

आता चुकीची हकीकत. काही वर्षांपूर्वी शाळेच्या प्रदर्शनासाठी आम्ही वर्गाला वारली चित्र काढायला सांगितले आणि सोयीसाठी एक छापील नमुना फळ्यावर टांगला: मध्ये तारपा वाजविणारा, भोवती फेर. चाळीस मुलांपैकी बहुतेकांनी तोच फेर उतरवून दिला. बिचाऱ्यांचा दोष नाही. आम्ही तेच दाखवले होते. एका मुलीने मात्र विटकरी कागदावर बैल काढला होता, सहा पायांचा. आम्ही लाल शाईने लिहिले, ‘बैलाला चार पाय असतात.’ दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती टेबलाजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “सर, ते दोन बैल आहेत. दुसरा पलीकडून चालतोय. त्याचे दोनच पाय दिसत होते.”

तिचे वडील लूमवर बारा तासांची पाळी करतात. दिवाळीच्या सुट्टीत ती खानदेशात आजोबांकडे गेली होती, तेथे तिने जोडी पाहिली होती. आम्ही चित्र पुन्हा हातात घेतले. पाठीमागे पाठीची दुसरी रेघ होती, जूही होते. पाय मोजण्याच्या नादात आम्ही दोन्ही पाहिले नव्हते.

याच संदर्भात आपल्या शहराविषयी एक शब्द बोलू द्या. वारली नक्षीच्या साड्या सुरतेत छापल्या जातात आणि त्या धंद्यावर या मंडपातील कित्येक घरांची चूल पेटते. त्यात आम्हांला गैर वाटत नाही. पण बाजारात एक साडी आम्ही पाहिली, तिच्या काठावर फेर धरणारे सगळे होते आणि तारपा वाजविणारा तेवढा कापला गेला होता. माणसे कशाच्या तालावर नाचत होती, कोण जाणे! २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. म्हणजे ही कला कोणत्या लोकांची आहे हे कायद्याच्या कागदावर नोंदले गेले. छापणाऱ्याने आणि नेसणाऱ्यानेही ते जाणावे, एवढेच आमचे मागणे.

महोत्सवाच्या प्रवेशद्वारासाठी वारली चित्र फ्लेक्सवर छापून आणण्याचे घाटत होते. आम्ही मंडळींना विनंती केली की त्या पैशांत डहाणूकडच्या एखाद्या चित्रकाराला रीतसर मानधन देऊन बोलवावे, आणि मुलांनी त्याच्या शेजारी बसून आपापल्या गावचे जे पाहिले असेल ते काढावे. विश्वस्तांनी ते मानले, याबद्दल त्यांचे आभार. खर्च थोडा वाढला. खजिनदारसाहेब आमच्याकडे अजून तिरक्या नजरेने पाहतात.

मुलांची चित्रे मंडपाच्या मागच्या बाजूस, पाण्याच्या माठांजवळ लावली आहेत. तेथे तो सहा पायांचा बैलही आहे. लाल शाई पुसली जात नाही, म्हणून ती तशीच आहे. त्या मुलीच्या आजोबांनी यंदा बैलजोडी विकली; आता नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर येतो. तिने या वर्षी तोच काढला आहे. ट्रॅक्टरच्या मागे एक बगळा चालतो आहे, त्याचा एकच पाय दिसतो. आम्ही विचारले नाही.