पहाटेचे पाय, संध्याकाळचे पाय

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं आमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर धावायला येतात. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो हे त्यांना ठाऊक आहे, त्यामुळे एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, संध्याकाळी १६०० मीटर जेवढ्या वेळात होतात, तेवढ्या वेळात पहाटे का होत नाहीत? पाय तर तेच!"

प्रश्न गमतीचा वाटेल, पण मैदानी चाचणी बहुतेक ठिकाणी पहाटेच सुरू होते. तिथे चार सेकंद जास्त लागले तरी गुण जातात, आणि एकेका गुणावर नोकरी हुकते.

पाय तेच असतात, पण त्यांची ऊब तीच नसते. निरोगी माणसाच्या शरीराचं आतलं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत कमी असतं आणि सायंकाळी पाच ते सातच्या दरम्यान सर्वांत जास्त. फरक जेमतेम एका अंशाचा. पण मज्जातंतूंना तेवढाही कळतो. हाताच्या मज्जातंतूतून संदेश सेकंदाला साधारण ५० ते ६० मीटर वेगानं धावतो. तो तंतू एका अंशानं गार झाला, तर हा वेग दीड-दोन मीटरनं घटतो. म्हणून तर मज्जातंतूंची तपासणी करताना रुग्णाचा गार हात आधी ऊबदार करून घेतात. निद्रासंशोधक नॅथॅनियल क्लाइटमन यांनी १९३८ मध्येच दाखवलं होतं, की शरीराचं तापमान चढलं की माणूस खुणेला प्रतिसादही चटकन देतो.

मग सगळा खेळ तापमानाचाच का? तसंही नाही. मुठीची पकड सकाळपेक्षा सायंकाळी साधारण ५ ते १० टक्के जास्त भरते. माणूस सकाळी आळस करतो म्हणून असं होत असेल, अशी शंका येते. पण अंगठ्याच्या स्नायूला विजेचे सौम्य झटके देऊन, म्हणजे इच्छाशक्ती बाजूला ठेवून मोजलं, तरी सायंकाळचा जोर जास्तच निघाला! फरक स्नायूतच आहे. मेंदूत डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, तिथे वर सुमारे २० हजार पेशींचं मुख्य घड्याळ असतं. शिवाय स्नायूंच्या पेशींतही छोटी घड्याळं चालू असतात. ही पेशींमधली घड्याळं कशी चालतात हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं.

हा फरक ऑलिम्पिकवीरांनाही चुकत नाही. अथेन्सपासून रिओपर्यंतच्या चार ऑलिम्पिकमधल्या जलतरणाच्या वेळा तपासणारा एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. सर्वांत चांगली वेळ सायंकाळी पाचच्या आसपास येते, आणि दिवसभरातला चढउतार ०.३७ टक्के, असं त्यात दिसलं. एवढंसंच? २००८ मध्ये बीजिंगला मायकेल फेल्प्सनं १०० मीटर बटरफ्लाय शर्यत एका सेकंदाच्या शंभराव्या भागानं जिंकली होती. ५० सेकंदांच्या शर्यतीत ०.३७ टक्के म्हणजे त्याच्या अठरापट!

मग भरतीची चाचणी सायंकाळी घ्यावी का? मला नाही तसं वाटत. आपल्याकडचं ऊन लक्षात घेता पहाटच बरी. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत धावण्याच्या चाचणीत उमेदवारांचे जीव गेले, ते विसरता येत नाही.

त्यामुळे मी मुलांना सांगतो, चाचणीच्या वेळेलाच सराव करा. काही आठवडे रोज पहाटे सराव केला, की सकाळ-संध्याकाळचा फरक बराच बुजतो. अंग तापवायला सायंकाळी दहा मिनिटं देत असाल, तर पहाटे वीस द्या. कुणी जात्याच उशिरा जागं होणारं असतं, त्यानं हा सराव आणखी आधी सुरू करावा.

एका गोष्टीवर मात्र माझ्याकडे उपाय नाही. लांबच्या गावाहून मुलं रात्रीच्या एसटीनं येतात, मैदानाबाहेर फूटपाथवर पिशवी उशाला घेऊन पडतात आणि तीन-चार तासांत रांगेत उभी राहतात. त्या पायांना पहाटेचा गारठा असतोच, वर जागरणही. जिथे चाचणी असेल, तिथल्या एखाद्या शाळेचे वर्ग आणि मंगल कार्यालय आदल्या रात्री या मुलांसाठी उघडून देता येणार नाही का?