तबकडी परत आली, माणसाचं काय?

(व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित भाग)



आफ्रिकेच्या दक्षिण भागात झांबिया नावाचा देश आहे. चारी बाजूंनी जमीन आणि पोटात तांबं. २४ ऑक्टोबर १९६४ रोजी तो ब्रिटिशांच्या ताब्यातून सुटला. त्याच्या तांब्याच्या खाणींच्या पट्ट्यात कित्वे हे शहर आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे एक रॉक बँड उभा राहिला, नाव ‘विच’. ‘वी इंटेंड टू कॉज हॅवॉक’ या वाक्याची ही आद्याक्षरं. आम्ही धुमाकूळ घालणार, हे त्यांनी नावातच बजावून ठेवलं होतं! या बँडच्या तबकड्या जवळपास चार दशकांनी पुन्हा निघाल्या. त्या निमित्ताने एकच प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो: जुनी तबकडी पुन्हा काढली की भलं कुणाचं होतं?

आधी हा बँड घडला कसा, ते पाहू. खाणीत रोख पगार होता, त्यामुळे गाण्याबजावण्याच्या क्लबांना गिऱ्हाईक होतं. ब्रिटन-अमेरिकेतल्या रॉकच्या तबकड्या येत होत्या, पोरं त्या ऐकून गिटार शिकत होती. गायक इमान्येओ चांडा यांना लोक ‘जगारी’ म्हणू लागले, ब्रिटिश रॉक गायक मिक जॅगरवरून. ख्रिस म्बेवे, जॉन मुमा, गिडियन म्वामुलेंगा आणि ड्रमवर बॉइडी सिंकाला, असे त्यांचे साथीदार. त्यातच राष्ट्राध्यक्ष केनेथ काउंडा यांनी फर्मान काढलं, की रेडिओवर वाजणाऱ्या संगीतातलं ९५ टक्के संगीत झांबियाचंच हवं. पोरांनी पारंपरिक गाणीही घेतली आणि फझ पेडल लावलेली, करकरणारी, वाह-वाहने कण्हणारी गिटारही सोडली नाही. या साऱ्या प्रवाहाला पुढे ‘झॅमरॉक’ हे नाव पडलं.

‘इंट्रोडक्शन’ ही त्यांची पहिली तबकडी. तिच्यात क्लबातला मोकळा, थोडा ओबडधोबड उत्साह आहे. १९७४ मध्ये ‘इन द पास्ट’ आली, १९७५ मध्ये ‘लेझी बोन्स!!’. या तिसऱ्या तबकडीत चाल जड होते, गिटारचा आवाज काळवंडतो. गुंगीतल्यासारखा भास घडवणारं सायकेडेलिक रॉक म्हणजे नुसती भडक रंगांची वेष्टणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही तबकडी जरूर ऐकावी.

पण त्याच सुमारास जगाच्या बाजारात तांब्याचा भाव कोसळला. देशाची जवळजवळ सगळी निर्यात तांब्याची. परकीय चलन आटलं, वाद्यं आणि सुटे भाग मिळेनासे झाले. शेजारच्या ऱ्होडेशियातल्या युद्धाची झळ लागली, संचारबंदीने रात्रीचे कार्यक्रम बंद पाडले. मग चोरट्या कॅसेटी आल्या आणि त्यामागून एड्स. त्या पिढीतले कितीतरी वादक त्यात गेले. ‘विच’च्या मूळ पाच जणांपैकी एकटे जगारी उरले. तेही बँड सोडून संगीतशिक्षक झाले होते, आणि पुढे रत्नांच्या खाणीत नशीब अजमावत राहिले.

इकडे युरोप-अमेरिकेतल्या संग्राहकांना या तबकड्यांचा पत्ता लागला. प्रती थोड्या, म्हणून भाव चढले. आता यातली मेख बघा. जुनी तबकडी या हातातून त्या हातात कितीही पैशांना गेली, तरी गाणाऱ्याला त्यातला एक पैसा मिळत नाही. पैसा फिरतो तो विकणाऱ्या-घेणाऱ्यांत. परवानगी न घेता काढलेल्या चोरट्या आवृत्तीचीही तीच गत.

लॉस एंजेलिसच्या ‘नाऊ-अगेन’ या कंपनीने जगारींना बरोबर घेऊन २०१२ मध्ये ‘विच’च्या तबकड्यांचा संच काढला. हे काम कष्टाचं असतं. मूळ टेप मिळाली तर उत्तम. नाही तर त्यातल्या त्यात कमी झिजलेली प्रत शोधायची आणि तिच्यावरून आवाज उतरवायचा. खरखर काढावी तर बेतानंच काढावी लागते, कारण फार घासलं की सिंबलची झळाळीही निघून जाते. याच कंपनीने आपल्या मुंबईच्या ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ या बँडचं ध्वनिमुद्रणही पुन्हा प्रकाशात आणलं. तेव्हा ही गोष्ट फार लांबची आहे असं समजू नका.

या संचामुळे जगारींचं काय झालं? २०१९ मध्ये त्यांच्यावर माहितीपट निघाला. तरुण युरोपीय वादकांना घेऊन ते दौऱ्यावर गेले. २०२३ मध्ये ‘झांगो’ ही नवी तबकडी आली. तिचं ध्वनिमुद्रण राजधानी लुसाकामध्ये झालं, आणि झांबियातच जन्मलेली रॅपर साम्पा द ग्रेट तिच्यात आहे. सत्तरी ओलांडलेला गायक पुन्हा नवं गाऊ लागला, हे मला जुन्या तबकड्या परत मिळण्याहून मोठं वाटतं.

तरीही हिशेब पूर्ण झालेला नाही. डॉलरमध्ये किंमत असलेला संच कित्वेतल्या पोराने कसा घ्यायचा? आणि जे चौघे गेले, त्यांना या दुसऱ्या डावातलं काहीच पाहायला मिळालं नाही. पुनर्प्रकाशन वीस वर्षं आधी झालं असतं, तर त्यांच्यातले काही कदाचित हयात सापडले असते. म्हणून माझं म्हणणं असं, की जुन्या ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत उशीर हाच सर्वांत मोठा अन्याय आहे. आपल्याकडच्या कलावंतांच्या टेपा कपाटांत पडून असतील, तर त्यांचं काम आत्ता, ती माणसं आपल्यात असताना हाती घ्या. आणि एखादी जुनी तबकडी नव्याने विकत घ्याल, तेव्हा वेष्टण उलटून पाहा. वादकांची नावं आणि हक्क कुणाचे, हे तिथे लिहिलेलं नसेल, तर ती दुकानातच राहू द्या.