शर्यतीतील मजुरीचा हिशेब

युनियनवाला मोटारशर्यतीवर काय बोलणार, असे आपणांस वाटेल. आम्ही मजुरीचाच हिशेब मांडणार आहोत.

फ्रान्समधल्या एस्तेबान ओकाँचे वडील मोटारदुरुस्ती करणारे. पोराच्या शर्यतींपायी आईबापांनी राहते घर विकले आणि मोटारीमागे जोडायच्या फिरत्या घरात बिऱ्हाड थाटले. २०१४ साली, अवघ्या १८ वर्षांच्या ओकाँने युरोपीय फॉर्म्युला थ्री जिंकली. मॅक्स व्हर्स्टॅपेन तिसरा आला. एकेरी आसनाच्या मोटारींच्या या खालच्या पायऱ्यांवर बहुतेकांना पगार नाहीच; उलट बसायच्या जागेसाठी चालकानेच संघाकडे पैसे भरायचे. कामगाराने मालकाला मजुरी द्यावी, असा कारखाना आम्ही तरी पाहिला नाही!

ओकाँ फॉर्म्युला वनपर्यंत पोचला. २०१८ साली त्याचा संघ दुसऱ्या एका चालकाच्या वडिलांनी भागीदारांसह विकत घेतला. २०१९ साली ओकाँला बसायला मोटार नव्हती.