बाईंचा आवाज आणि रबरी पट्टा



वॉकमन १९७९ साली जपानमध्ये आला. आपण मात्र कोणत्याही कंपनीच्या छोट्या टेपला वॉकमनच म्हणायचो. माझा तसाच एक जुना टेप यंदा मी उघडला. मोटर फिरत होती, कॅसेट हलत नव्हती. मोटरची गती चाकाला देणारा रबरी पट्टा वितळून डांबरासारखा चिकट झाला होता. कापसाच्या काडीने, स्पिरिट लावून तो पुसला आणि नवा बसवला. पट्टा सैल पडला तर घसरतो, टेप हळू चालते आणि आवाज जाड येतो. सरांनी फळ्यावर शिकवलेलं घर्षण असं हाताला कळलं!

मग आपल्या निरोप समारंभाची कॅसेट लावली. टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी. मोटरचा बारीक स्क्रू फिरवत मी वेग जुळवला तो बाईंच्या आवाजावरून. "बसा रे खाली" नेमकं त्यांच्यासारखं ऐकू आलं, तेव्हा थांबले. बाई आज आपल्यात नाहीत. तो आवाज ओळखणारे आपणच उरलो आहोत.

त्या कॅसेटची दुसरी प्रत नव्हती. आता संगणकावर आहे, सगळ्यांना पाठवते. तुमच्या माळ्यावरही शाळेच्या कॅसेटी असतील. दमट हवेत त्यांना बुरशी धरते. पांढरे डाग दिसले तर वाजवू नका, तशाच माझ्याकडे द्या. पट्टा बाजारात मिळतो, आवाज मिळत नाही.