कड्यावरची मयूरशिखा

बीड जिल्ह्याचें नांव निघालें कीं पाण्यावांचून तडकलेली जमीन, टँकरभोंवतीं जमलेल्या घागरी आणि ऊसतोडीसाठीं घरदार सोडून जाणारीं कुटुंबें हींच चित्रें आपल्या मनांत उभीं राहतात. अशा प्रदेशांत नेचा वाढतो असें सांगितलें, तर पुष्कळांस नवल वाटेल. नेचे म्हटले म्हणजे आपणांस महाबळेश्वरचीं किंवा आंबोलीचीं धुक्यानें भिजलेलीं रानें आठवतात. परंतु बालाघाटासारख्या कोरड्या, खडकाळ डोंगरांतच ज्याचा संसार चालतो, असाही एक नेचा आहे. त्याचें नांव मयूरशिखा.

ही वनस्पति उंचीनें जेमतेम वीतभर. खडकाच्या फटींत घट्ट रुतलेल्या आखूड खोडापासून ताठ देठांचा झुबका निघतो आणि प्रत्येक देठाच्या टोकाशीं पंख्यासारखें एक पान असतें. हें पान दोन-दोन फांटे फुटत अरुंद पट्ट्यांत विभागलेलें असल्यामुळें मोराच्या उभारलेल्या पिसाऱ्याची आठवण होते. शास्त्रज्ञ हिला ॲक्टिनिऑप्टेरिस रेडिएटा म्हणतात. त्या नांवांतही किरणांप्रमाणें पसरलेल्या पानांचेंच वर्णन आहे. मात्र आपल्याकडे मयूरशिखा हें नांव बागेंतल्या कोंबड्याच्या तुऱ्यासही दिलें जातें, म्हणून केवळ नांवावरून वनस्पति ओळखूं नये. पाटोदा तालुक्यांत नायगांव येथें १९९४ सालीं मोरांसाठीं अभयारण्य झालें. मोरांच्या त्या मुलुखांत ह्या नेच्याचें नांव विशेषच शोभून दिसतें.

आतां प्रश्न असा कीं, पावसाळ्याचे चार महिने सरल्यावर तापलेल्या काळ्या दगडावर ही जगते कशी? निवडुंग पाणी सांठवून ठेवतो. बाभूळ आपलीं मुळें खोल नेते. मयूरशिखेस ह्यांपैकीं कांहींच साधत नाहीं. तिचा मार्ग निराळा आहे. ती पाणी धरून ठेवण्याची धडपडच सोडून देते. पानें सुकतात, आंत वळतात, तपकिरी होतात, आणि पाहणारास वाटतें कीं झाड मेलें. पण तें मेलेलें नसतें. अशा वनस्पतींच्या पेशींत सुकतांना साखरेसारखीं द्रव्यें जमतात व तीं पेशींचीं नाजूक आवरणें संभाळून ठेवतात. मग पावसाची चांगली सर आली कीं तींच पानें पाणी शोषून उलगडतात व पुन्हां हिरवीं होतात. अवर्षण टाळण्यापेक्षां तें सोसून उरण्याची ही विद्या आहे.

परंतु ह्या काटक वनस्पतीचें बालपण फार नाजूक असतें. नेच्यास फूल नाहीं, फळ नाहीं, बीही नाहीं. मयूरशिखेच्या पानांच्या दुमडलेल्या कडांखालीं धुळीसारखीं सूक्ष्म बीजुकें तयार होतात. वाऱ्यानें उडालेलें बीजुक ओलसर फटींत पडलें, तर त्यापासून प्रथम नेचा उगवत नाहीं. एक इवलीशी, पातळ, हिरवी चकती उगवते. तिच्यावरच नर व स्त्री पेशी निर्माण होतात, आणि नरपेशीला स्त्रीपेशीपर्यंत पोहत जावें लागतें. त्यासाठीं पाण्याचा एक पातळ पापुद्रा तरी हवाच. त्या मीलनांतून नवा नेचा जन्मास येतो. जीवनाचें हें दोन पिढ्यांचें चक्र विल्हेल्म होफमाइस्टर ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८५१ सालीं उलगडून दाखविलें.

म्हणजे पाहा, वाढलेली मयूरशिखा उन्हाळा सोसते. पण ओलाव्याचे ते थोडे दिवस चुकले तर तिचा वंश पुढें सरकत नाहीं. म्हणूनच ती जेथें सांवली व झिरप आहे अशी फट धरते. बालाघाटाचा खडक सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा. नेच्यांचें कुळ त्याहूनही पुरातन, ३५ कोटी वर्षांपलीकडचें. इतक्या जुन्या घराण्याची ही लेक बोटभर रुंदीच्या भेगेवर अवलंबून आहे.

आणि तीच भेग आज धोक्यांत येते. दगडाची खाण निघाली कीं कडा जातो. जुन्या तटाच्या किंवा विहिरीच्या चिऱ्यांतील सांधे सिमेंटनें लिंपले कीं फट बुजते. परंपरागत औषधांत रक्तस्राव थांबविण्यासाठीं व जंतांवर हिचा उपयोग सांगितलेला आहे. परंतु पानांसाठीं सबंध झुबका खोडासकट उपटला, तर त्या फटींत दुसरा उगवण्यास किती पावसाळे जुळून यावे लागतील, ह्याचा विचार उपटणारा करीत नाहीं.

पावसाळ्यांत आपण सौताड्यास विंचरणेचा धबधबा पाहावयास किंवा कपिलधारेस मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनास गेलांत, तर वाटेवरच्या कड्यांच्या भेगांकडेही नजर टाका. एखादा पिसारा दिसला तर मुलांस दाखवा, भिंगांतून त्याच्या पानांच्या कडा पाहा. घरच्या कुंडीसाठीं मात्र तो उपटून आणूं नका. दुष्काळ सोसणाऱ्या ह्या वनस्पतीस आपल्याकडून पाण्याचीही अपेक्षा नाहीं. तिची फट तिच्याकडे राहूं द्यावी, एवढेंच पुरे.