आधी पायाखाली, मग चाकाखाली



बेळगावच्या टिळकवाडीतून निघून खानापूर, लोंढा मागे टाकून अनमोड घाट उतरला, की मोले आणि पुढे कुळे. दूधसागर धबधब्याकडे जाणाऱ्या जीपगाड्या तिथूनच सुटतात. भगवान महावीर अभयारण्यातल्या या वाटेवर खासगी गाडी नेता येत नाही, आणि तेच योग्य आहे. पावसाळ्यात ती बंदच असते. पाऊस सरला की स्थानिक चालक पर्यटकांना घेऊन ओढ्यांतून, गोट्यांवरून, झाडांच्या मुळांवरून रोज ये-जा करतात. दगडावरून गाडी कशी न्यावी, ते मी त्यांच्या शेजारी बसून पाहिलं. शिकलो मात्र स्वतःच्या चुकीतून.

माझ्याकडे जुनी फोर बाय फोर जीप होती. जांबोटीकडच्या एका मित्राच्या शेतावर जाताना वाटेत जांभ्या दगडाचा गुडघाभर उंच टप्पा लागतो. मी वेग घेऊन तो चढायला गेलो. पुढचं एक चाक हवेत, मागचं एक अधांतरी, आणि दोन्ही गरगर फिरताहेत! टेकलेली चाकं जागची हलेनात. डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणाऱ्या साध्या डिफरन्शियलचा हा स्वभावच आहे: ज्या चाकाला अडवणारं काही नाही, तेच मोकळं फिरत राहतं. त्यामुळे चारी चाकांना जोर असूनही गाडी जागेवरच. मी आणखी ॲक्सिलरेटर दाबला, तशी गाडी घसरली आणि इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर दगडावर आदळून फुटला. इंजिनातलं सगळं ऑइल त्या लाल मातीत गेलं. ते पाहताना जीव हळहळला.

उद्यमबागेतल्या ज्या मेस्त्रींनी चेंबर सांधून दिला, ते नंतर माझ्याबरोबर त्याच टप्प्यावर आले. म्हणाले, ‘‘आधी खाली उतरा. कुठलं चाक कुठं ठेवणार, ते मला बोटानं दाखवा.’’ मी दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि मला पुन्हा दाखवायला लावलं. उंच दगड दोन चाकांच्या मधे घ्यायचा, असं मला वाटत होतं; पण मधेच तर चेंबर आणि डिफरन्शियलचा गोळा लोंबत असतो. दगडावर चाकच चढवायचं. मग लो गिअर टाकायचा. त्यात इंजिन भरभर फिरतं आणि चाक अगदी हळू, पण जोर कितीतरी वाढतो. माणूस शेजारून चालत जाईल, एवढाच वेग. स्टिअरिंग धरताना अंगठे आत अडकवायचे नाहीत, कडेवर ठेवायचे. दगडानं चाकाला हिसका दिला, तर स्टिअरिंगचा दांडा अंगठा मोडू शकतो. उतारावर क्लच दाबायचा नाही, इंजिनच गाडी धरून ठेवतं. त्या दिवशी तोच टप्पा धक्का न बसता पार झाला.

एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. जुन्या जीपला डांबरी रस्त्यावर फोर व्हील ठेवायचं नसतं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत चाक थोडं घसरून तो फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नाही, मग सगळा ताण गिअरवर येतो.

ओढा ओलांडायचा असेल, तर आधी काठी घेऊन पायी जाऊन खोली बघावी. तळ दिसत नसेल किंवा पाण्याला ओढ असेल, तर परत फिरावं. जांभा कोरडा असताना चाक छान धरतो. पण पावसात त्यावर शेवाळ चढलं, की त्याच टप्प्यावर गाडी आडवी सरकते. खानापूरच्या जंगलातल्या ओढ्यांत हौसेनं गाडी घालणाऱ्या तरुणांना माझं कळकळीचं सांगणं आहे, खाली कुणाच्या तरी गुराढोरांचं आणि घराचं पाणी आहे. त्यात तुमचं ऑइल सांडू नका.

दिवाळीनंतर कुळ्याला गेलात, तर पुढच्या सीटवर जागा मागा. ओढा आला की क्षणभर धबधबा विसरा आणि चालकाच्या हातांकडे बघा.