गोंदण कुणाच्या मर्जीनं?

दुपारची भांडीकुंडी उरकून घटकाभर टेकला असाल, तर जरा आपापल्या हाताकडं बघा. ज्यांनी साठी ओलांडली आहे त्यांच्या मनगटावर, कोपराखाली, नाहीतर हनुवटीवर हिरवट काहीतरी सापडेल. आणि घरात कॉलेजला जाणारं लेकरू असेल, तर त्याच्या हातावर काळंभोर, ठसठशीत काहीतरी असेल, किंवा ते काढून घ्यायला ते पैसे मागत असेल. पहिल्याला आपण गोंदण म्हणतो, दुसऱ्याला टॅटू. काम एकच. सुई, शाई आणि आपली कातडी. मला आज बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर. ही खूण अंगावर येते ती कुणाच्या मर्जीनं?

जुन्या बायांना विचारा, त्या सांगतील. वैदूंच्या बाया सुया, मणी, बिब्बे घेऊन गावात यायच्या, त्यातल्याच कुणी गोंदणारणी. तीन-चार सुया एकत्र बांधायच्या, दिव्याची काजळी कालवायची, कुठं त्यात पाल्याचा रस घालायचा, आणि टोचत जायचं. मजुरी म्हणजे पायलीभर धान्य, नाहीतर जुनेर. तुळस, वृंदावन, पाळणा, विंचू, चंद्रकोर, राम-लक्ष्मण, अशी चित्रं. काहींच्या हातावर नवऱ्याचं नाव. गंमत बघा, ज्या नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, उखाण्यातच घ्यायचं, ते हातावर मात्र जन्मभर उघडं. आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईच्या अंगावर तेवढीच काय ती अक्षरं!

मरताना सोनं-नाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं म्हाताऱ्या सांगायच्या. मला हे म्हणणं नुसतं अंधश्रद्धा म्हणून झटकावंसं वाटत नाही. जिच्या नावावर घर नाही, शेत नाही, अंगावरचा दागिनाही अडीअडचणीला सावकाराकडं जाणार, तिला कुणी काढून घेऊ शकणार नाही अशी एक वस्तू हवीच असणार.

पण दुसरी बाजूही आहे. पाच-सात वर्षांच्या पोरीला दोघी-तिघींनी धरून ठेवायचं, ती किंचाळायची, आणि तिच्या कपाळावर टिकली गोंदायची. तिला कुणी विचारलं नाही. ती टिकली आयुष्यभर तिथंच. यात एक गोष्ट मात्र नवलाची झाली. नवरा गेला की कुंकू पुसायचे, बांगड्या फोडायचे. गोंदलेली टिकली कशी पुसणार? ती राहिली. कपाळ मोकळं करणाऱ्यांना त्या हिरव्या ठिपक्याचं काही करता आलं नाही. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांच्या कुंकू पुसण्याची, मंगळसूत्र काढण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारनं तो सगळ्या ग्रामपंचायतींपुढं ठेवला, हे तुम्हाला आठवत असेल. मला तेव्हा त्या गोंदलेल्या टिकल्या आठवल्या.

आता ते पुसत का नाही, हे थोडक्यात सांगते. आपल्या कातडीचा वरचा पापुद्रा महिन्याभरात झिजून नवा येतो. सुई त्याच्या खालच्या थरात शाई सोडते. शरीराला ती शाई परकी वाटते, म्हणून रक्तातल्या रक्षक पेशी येऊन तिला गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या शाई पोटात घेऊन तिथंच बसतात. म्हणजे गोंदण हे खरं तर शरीराचं एक न संपलेलं भांडण आहे. वर्षं सरतात तशी शाई जराशी पसरते, रेघ जाड होते, काळं हिरवं-निळं दिसायला लागतं.

मतदान करताना बोटाला लावतात ती शाई वेगळी. ती म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात बनते, १९६२ च्या निवडणुकीपासून वापरात आहे. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, ते वरच्या कातडीलाच धरतं, म्हणून कातडी झिजली, नख वाढलं की ती जाते. सरकारनं आपल्या अंगावर केलेली ही सगळ्यात मायाळू खूण म्हणा ना. आपणही ती मिरवतो.

सगळ्या खुणा अशा नसतात. कंपनी सरकारच्या राज्यात बंगाल इलाख्यात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदून ठेवत. १८४९ साली ते बंद झालं. पुढं दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ऑशविट्झच्या छावणीत कैद्यांच्या हातावर आकडे गोंदले. आपण म्हणू, ते जुने दिवस, परकं राज्य. तर ऐका. १९९३ साली, स्वतंत्र भारतात, अमृतसरच्या पोलिसांनी चार बायांना पकडलं आणि त्यांच्या कपाळावर गुरुमुखी अक्षरांत 'जेब कतरी', म्हणजे पाकीटमार, असं गोंदलं. खटला उभा राहण्याआधीच शिक्षा, आणि तीही तोंडावर! त्या बाया लढल्या. दोषी पोलिसांना शिक्षा झाली ती २०१६ साली. मोजा, २३ वर्षं. तेवढी वर्षं त्या घराबाहेर पडताना पदर कुठवर ओढत असतील?

आणि आपल्याकडचं? मार्च २०२० मध्ये कोरोनाचा कहर सुरू झाला तेव्हा घरात विलग राहायला सांगितलेल्या माणसांच्या डाव्या हातावर शिक्का मारायचा निर्णय महाराष्ट्रानं घेतला. हेतू रोग थांबवायचा होता, शाईही काही दिवसांत जाणारी होती. तरी शिक्का दिसला की लोक माणूस बघायचे नाहीत, शिक्काच बघायचे. पालघरला शिक्केवाल्या प्रवाशांना गाडीतून उतरवलं गेलं. खूण अंगावर आली की तिचा अर्थ लावणारे दुसरेच असतात.

हे उलटवून दाखवलं ते छत्तीसगडच्या रामनामी लोकांनी. दलित म्हणून देवळाची दारं त्यांना बंद. मग त्यांनी रामाचं नावच अंगभर गोंदून घेतलं. काहींच्या तर कपाळापासून पायापर्यंत. आता देवळात येऊ देऊ नका, पण हे नाव आमच्या अंगावरून कसं काढाल? त्यांच्यातली तरुण मुलं आता एवढं गोंदत नाहीत, शहरात कामाला गेल्यावर लोक वळून बघतात म्हणून. पुढाऱ्याचं नाव, पक्षाचं चिन्ह गोंदून घेणाऱ्या आपल्या पोरांना मी एवढंच विचारीन, की बाबा, पुढारी पक्ष बदलतो, तुझा दंड कसा बदलशील?

आता कामाचं बोलू. जत्रेत मशीन घेऊन बसलेले लोक तुम्ही पाहिलेत. ते घर्रघर्र मशीन १८९१ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम्युअल ओरायली नावाच्या माणसानं पेटंट केलं, एडिसननं कागदाला भोकं पाडायला केलेल्या विजेच्या पेनवरून. मशीन वाईट नाही. एकच सुई दहा जणांना, एकाच झाकणातली शाई, आणि रक्त पुसायचं फडकंही एकच, हे वाईट. रक्तातून कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही पसरू शकतात. कावीळ बीचा विषाणू शरीराबाहेर सुकलेल्या रक्तात सात दिवस जिवंत राहू शकतो. सुई मेणबत्तीवर धरली, डेटॉलमध्ये बुडवली, एवढ्यानं भागत नाही. नवी सुई आपल्यासमोर पाकिटातून काढायला सांगा. शाई नव्या झाकणात, हातमोजे नवे. दुकानदारानं कटकट केली तर उठून या, पन्नास रुपयांचा मुलाहिजा कशाला?

कावीळ बीला लस आहे. बाळाला जन्मल्यावर २४ तासांच्या आत पहिली देतात. ज्यांनी घेतलेली नाही त्यांनी गोंदण्याआधी घ्यावी. कावीळ सीला लस नाही, पण गोळ्यांनी ती बरी होते, आणि २०१८ पासून सरकारी योजनेतून तिचे उपचार मोफत आहेत. एचआयव्हीची तपासणी ग्रामीण रुग्णालयाच्या आयसीटीसी केंद्रात फुकट आणि गुप्त होते. जत्रेत गोंदून आला असाल, मनात शंका असेल, तर तपासणी करा आणि तीन महिन्यांनी पुन्हा करा, कारण सुरुवातीला रोग तपासणीत दिसत नाही. गोंदल्यावर १२ महिने रक्तदानही करता येत नाही, हे मुलांना सांगून ठेवा.

भरतीची तयारी करणारी मुलं-मुली ज्या घरात आहेत, त्यांनी पुढचं नीट ऐका. आता मुलीही अग्निवीर म्हणून सैन्य पोलिसांत जातात. पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या आपल्या पोरी आपण बघतोच. सैन्याच्या नियमात कायमचं गोंदण चालतं ते कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला, आणि तळहाताच्या पाठीवर. दुसरीकडं असेल तर अडतं. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणं सूट आहे. केंद्राच्या निमलष्करी दलांत धर्माचं चिन्ह किंवा नाव डाव्या हाताच्या आतल्या बाजूला चालतं, तेही लहान. उजवा हात सलामीचा, म्हणून तिथलं गोंदण अडचणीत आणतं. नियम बदलतात, त्या वर्षीची जाहिरात वाचा. पण गोंदण आधी आणि जाहिरात नंतर, असं करू नका.

'ताई, मला हे काढायचंय,' असं म्हणणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या बायाही मला भेटतात. कुणाला कपाळावरची टिकली नको, कुणाला सोडून गेलेल्या नवऱ्याचं नाव नको. कुणी चुना लावते, कुणी बिब्बा, कुणी ॲसिड. हे कधीही करू नका. गोंदण जात नाही, वर भाजल्याचा डाग राहतो. लेसरनं जातं. लेसर शाईचे बारीक कण फोडतो आणि शरीर ते हळूहळू वाहून नेतं. त्याला अनेक खेपा लागतात, दोन खेपांत महिना-दीड महिना अंतर लागतं. काजळीचं जुनं गोंदण त्यामानानं लवकर विरळ होतं, रंगीत टॅटू चिवट असतात. आपल्या सावळ्या कातडीवर पांढरे-काळे चट्टे उठायचा धोका असतो, म्हणून ब्युटी पार्लरमध्ये नको, त्वचारोगतज्ज्ञाकडंच जा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचा विभागात आधी चौकशी करा.

एक गोंदण मात्र मला फार मोलाचं वाटतं. स्तनाच्या कॅन्सरला किरणांचे उपचार देतात तेव्हा रोज किरण नेमके त्याच जागी पडावे लागतात. त्यासाठी काही रुग्णालयांत कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके गोंदतात. दोन-चार ठिपके, बस्स. ते बघून बायका घाबरतात, हे काय लावलं म्हणून विचारतात. घाबरायचं नाही. तो पत्ता आहे, किरणांनी कुठं उतरायचं त्याचा.

राहता राहिल्या आपल्या म्हाताऱ्या. त्यांच्या अंगावरच्या प्रत्येक आकृतीला नाव आहे, आणि ती नावं त्यांच्याबरोबर चालली आहेत. गटातल्या ज्या पोरींना मोबाईलवर चांगले फोटो काढता येतात, त्यांनी आपल्या आजीला, शेजारच्या म्हातारीला विचारून, त्यांची हरकत नसेल तरच फोटो घ्यावेत. खाली वहीत लिहावं: आकृतीचं नाव, कुठल्या वयात गोंदलं, कुणी गोंदलं, मजुरी काय दिली, आणि तेव्हा तिला कुणी विचारलं होतं का. वह्या महिनाअखेरीच्या बैठकीला घेऊन या. फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नका.